रिकाम्या खुर्चीवरचा खटला

सध्या कचेऱ्या मोजण्याचा हंगाम आहे. माणसांची गणना झाली, गुराढोरांची झाली, वाघांचीही झाली. आता पाळी खुर्च्यांची. मोठ्या शहरांतील मोठ्या कचेऱ्यांत टेबलाच्या खालच्या अंगाला एक लहानशी डबी चिकटविण्यात येते. माणूस खुर्चीत बसला की त्याच्या अंगाची ऊब आणि हालचाल त्या डबीला कळते. तो उठून गेला की तेही कळते. डबी बोलत नाही, पण लिहिते. महिनाअखेर तिच्या टिपणांवरून एक रंगीबेरंगी तक्ता तयार होतो, आणि तो पाहून वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणतात, "अरेच्चा! आपल्या निम्म्या खुर्च्या तर रिकाम्याच असतात!" त्या क्षणी निम्म्या खुर्च्यांचे मरण ओढवते.

डबी परवडत नाही तेथे माणूस फिरवितात. हातात पाटी घेऊन तो ठरलेल्या वाटेने तासातासाला कचेरीभर हिंडतो आणि प्रत्येक टेबलापुढे खूण करतो. ही पद्धत डबीहून जुनी आहे आणि एका बाबतीत तिच्याहून शहाणीही. भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची एवढ्या दोनच रकान्यांवर ती थांबत नाही. 'माणूस नाही, पण त्याची खूण आहे' असा तिसरा रकाना ती ठेवते. म्हणजे खुर्चीच्या पाठीला कोट आहे, टेबलावर चष्मा आहे, कागद अर्धवट उघडा आहे. हा रकाना पाहून आपल्याकडच्या जुन्या कारकुनांना हसू आवरणार नाही. खुर्चीला कोट अडकवून स्वतः चहाच्या दुकानात हजर राहण्याची विद्या त्यांनी कोणत्याही विलायती ग्रंथावाचून आत्मसात केली होती. परंतु त्या रकान्यात एक मोठे सत्यही आहे. माणूस जागेवर नाही म्हणून जागा त्याची नाही, असे होत नाही. डबीला एवढे कळत नाही. तिला फक्त ऊब कळते.

मोजणीवाल्यांची बाजू आधी सरळपणे मांडली पाहिजे, नाही तर वादाचा शिमगा व्हावयाचा. ते म्हणतात, शहरात जागा सोन्याच्या भावाने मिळते. चौरस फुटाला भाडे पडते. त्यावर दिवे, वातानुकूलन, झाडलोट आणि पहारा. २०२० च्या साथीनंतर कितीतरी माणसे आठवड्याचे काही दिवस घरूनच काम करू लागली. मग ओसाड दिवाणखान्यांना थंड हवा घालीत बसावे काय? सरकारी कचेरी असेल तर तो पैसा जनतेचा. जागा किती लागते हे अंदाजाने ठरविण्यापेक्षा मोजून ठरविले तर वाईट काय?

वाईट काहीच नाही. अंदाजाने जागा वाटल्या म्हणजे त्या दर्जाप्रमाणे वाटल्या जातात. ज्याचा पगार मोठा त्याची खिडकी मोठी. तेव्हा मोजणीशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते काय मोजतात, कोणाचे मोजतात आणि मोजून झाल्यावर काय करतात, या तीन गोष्टींशी.

पहिली गोष्ट सरासरीची. समजा, एका कचेरीत शंभर माणसे आहेत. सोमवारी ६० आली, मंगळवारी ८५, बुधवारी ९०, गुरुवारी ७० आणि शुक्रवारी ३५. बेरीज झाली ३४०. पाचांनी भागले की ६८. मोजणीवाला उदार मनाने दोन वाढवितो आणि सत्तर खुर्च्या ठेवतो. आता काय होईल ते पाहा. मंगळवारी पंधरा माणसे उभी, बुधवारी वीस माणसे उभी, आणि शुक्रवारी पस्तीस खुर्च्या पुन्हा रिकाम्याच! ज्या रिकामेपणावर एवढा खटला भरला तो शिल्लकच राहिला, आणि पूर्वी नसलेली अडचण मात्र नव्याने निर्माण झाली. सरासरीवर कोणी बसत नाही. माणूस खुर्चीवर बसतो, आणि तीही ज्या दिवशी तो येतो त्या दिवशी लागते.

याच्याही पुढची मौज म्हणजे तासांचा हिशेब. एक कर्मचारी दिवसातून चार तास टेबलाशी असतो. उरलेला वेळ बैठकीत, दुसऱ्या खात्यात, साहेबांपुढे किंवा बाहेर जातो. दुसऱ्याचेही तसेच. डबी दोघांच्या नावे पन्नास पन्नास टक्के वापर मांडते, आणि मोजणीवाला म्हणतो, पन्नास आणि पन्नास शंभर. दोघांत एक टेबल द्या. दोघा भावांना वर्षातून थोडेच तास छत्री लागते म्हणून घरात एकच छत्री ठेवण्यासारखे हे आहे. पाऊस दोघांवर एकाच वेळी पडतो, हे त्या गणितात कोठे लिहिलेले नसते. कचेरीतही अकरा वाजता सगळ्यांचेच अकरा वाजतात.

दुसरा भ्रम असा की जागा पूर्ण भरली म्हणजे ती पूर्ण कामास आली. या भ्रमाचा निकाल शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लागला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या तारांवर किती गर्दी होते याचे गणित प्रसिद्ध केले. रांगेच्या शास्त्राचा पाया तेथे घातला गेला. त्या शास्त्रातला एक साधा नियम गृहिणीलाही तोंडपाठ करता येईल. एकच खिडकी आहे, माणसे आपापल्या सवडीने येतात, कोणाचे काम चटकन होते तर कोणाचे लांबते. अशा वेळी खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर तिच्यापाशी सरासरीने एक माणूस असतो. ती ऐंशी टक्के वेळ कामात राहिली तर चार माणसे असतात. नव्वद टक्क्यांवर नऊ. पंचाण्णव टक्क्यांवर एकोणीस! म्हणजे खिडकीवरच्या कारकुनाचा निम्मा रिकामा वेळ ही जी उधळपट्टी वाटते, ती वस्तुतः रांगेतल्या अठरा माणसांची सुटका असते. हा रिकामेपणा जो 'वाचवितो' तो पैसा वाचवीत नाही. आपला खर्च दुसऱ्याच्या पायांवर टाकतो. रांगेत उभे राहणाऱ्याचा वेळ कोणत्याही कचेरीच्या जमाखर्चात धरला जात नाही, म्हणूनच तो फुकट वाटतो.

आता दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा हाच मुद्दा स्वयंपाकघरात नेऊन पाहू. चकलीचा सोऱ्या वर्षातून किती दिवस लागतो? फार तर चार. तीनशे पासष्टांत चार, म्हणजे वापराचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. पाहुण्यांच्या गाद्यांची अवस्था याहून फार बरी नाही. मोठी परात, पुरणयंत्र, लग्नकार्यातले पातेले या सर्वांच्या खाली एकेक डबी चिकटवून पाहा. घरातला अर्धा संसार मोडीत काढावा लागेल. असला हिशेब मांडणाऱ्या जावयाला सासूबाई दिवाळसणाला चकलीच्या जागी तो तक्ताच वाढतील, आणि तो न्यायच होईल. कारण घर कसे चालते हे तिला ठाऊक असते. काही वस्तू रोज लागतात म्हणून ठेवावयाच्या, तर काही ज्या दिवशी लागतील त्या दिवशी नसल्या तर अब्रू जाईल म्हणून. अर्थात तिच्या माळ्यावर अडगळही असते आणि ती अडगळ तिने काढलीच पाहिजे. परंतु सोऱ्या आणि अडगळ यांतला फरक वापराच्या टक्केवारीवरून कळत नाही. तो कळण्यासाठी घरात राबावे लागते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. कामाची जागा मोजण्याची कल्पना आजची नाही. पण पूर्वी ती वेगळ्या हेतूने निघाली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने असे ठरविले की नव्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या वाट्याला निदान ५०० घनफूट जागा आलीच पाहिजे. एवढेच नव्हे, तर जमिनीपासून १४ फुटांच्या वरची पोकळी या हिशेबात धरावयाची नाही, असेही त्यात घातले. कारण उघड आहे. तसे न लिहिले तर मालक छप्पर उंच करून घनफूट भरून दाखवील आणि खाली माणसे कोंबील. कायदा करणाऱ्याला मोजणाऱ्याची लबाडी आधीच दिसली होती. इंग्लंडात १९६३ साली कचेऱ्या, दुकाने आणि रेल्वेच्या जागा यांच्यासाठी कायदा झाला. त्याने माणशी ४० चौरस फूट ही खालची मर्यादा घातली. म्हणजे त्या पिढीने फूटपट्टी हातात घेतली ती 'माणसाला याहून कमी देता येणार नाही' असे सांगण्यासाठी. आमच्या पिढीने तीच फूटपट्टी उलटी धरली आहे. आता प्रश्न असा विचारतात की माणसाला याहून किती कमी देऊन चालेल? तेव्हा मोजणी कामगाराची वकील होती. आज ती त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

आणि साक्ष कोणाविरुद्ध? डबी टेबलाखाली लागते ती बहुधा कारकुनाच्या. ज्या केबिनला दार आहे, दारावर नावाची पाटी आहे आणि आत सोफा आहे, ती केबिन साहेब दौऱ्यावर असताना आठवडा आठवडा बंद असते. तिचा तक्ता कितीशा ठिकाणी निघतो? बारा खुर्च्यांच्या सभागृहात दोन माणसे दार लावून बसतात. डबी म्हणते, सभागृह भरलेले. एकच टेबल दोघी कनिष्ठ मुलींना वाटून देताना जो काटेकोरपणा दिसतो तो केबिनच्या उंबरठ्यापाशी येऊन चपला काढून बाहेर उभा राहतो. शिपायाचे स्टूल तर कोणत्याच तक्त्यात नसते. स्त्रियांच्या स्वच्छतागृहापुढे किती वेळ थांबावे लागते, डबा खायला जागा मिळते की जिन्यात बसावे लागते, तान्ह्या मुलाची आई दुपारी कोठे जाते, हे मोजणारी डबी अजून कोणी बसविलेली ऐकिवात नाही. भाडे वाचेल तेवढेच मोजावयाचे आणि भाडे वाढेल ते मोजावयाचेच नाही, याला शास्त्र म्हणत नाहीत. याला सोय म्हणतात.

जागा मोजता मोजता माणूस कसा मोजला जातो, याची उदाहरणे जगापुढे आहेत. २०१६ च्या जानेवारीत लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राच्या कचेरीत पत्रकार सोमवारी सकाळी कामावर आले, तर प्रत्येकाच्या टेबलाखाली अशी डबी. इमारतीतील ऊर्जा आणि जागा यांचा बेत आखण्यासाठी ती बसविली, असे सांगण्यात आले. पत्रकारांनी आणि त्यांच्या संघटनेने गहजब केला, आणि त्याच दिवशी डब्या काढून घ्याव्या लागल्या. तेथीलच बार्कलेज बँकेने टेबलाखाली डब्या बसविल्याची बातमी २०१७ साली आली. जागेच्या वापरासाठीच त्या आहेत, माणसावर नजर ठेवण्यासाठी नाहीत, असा तिचा खुलासा होता. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच बँकेला कर्मचाऱ्यांच्या संगणकावरील वेळेची नोंद ठेवणारी एक प्रणाली टीका झाल्यावर मागे घ्यावी लागली. पहिलीतून दुसरी निघाली, असा आरोप मी करीत नाही. पण हेतू बदलण्यासाठी डबी बदलावी लागत नाही, हे कोणीही समजू शकेल. 'टेबल क्रमांक ४७ दुपारी अडीच ते साडेतीन रिकामे होते' हे वाक्य जागेविषयी आहे. टेबल ४७ वर रोज कोण बसते हे ठाऊक असेल तर तेच वाक्य त्या माणसाच्या चारित्र्याविषयी होते. आणि कचेरीत हे कोणाला ठाऊक नसते?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु त्या कायद्यात नोकरीविषयक प्रयोजनांसाठी माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवायही वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. तेव्हा केवळ कायद्याच्या भरवशावर खुर्चीत निश्चिंत बसण्यात अर्थ नाही.

"हे सारे खरे असेल, पण नव्या जमान्यात स्वतःचे टेबल हवेच कशाला?" असे विचारणारा एक वर्ग आहे. त्यांच्यासाठी अमेरिकेतली एक हकीकत सांगतो. १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील शायट-डे या जाहिरात कंपनीने कोणाचेच टेबल ठेवले नाही. सकाळी यावे, खिडकीवर टेलिफोन आणि संगणक मागून घ्यावा, जेथे जागा मिळेल तेथे बसावे. मग त्या टेलिफोन-संगणकांसाठीच सकाळी रांगा लागू लागल्या. लोक आपले कागदपत्र मोटारीच्या डिकीत ठेवू लागले. एक बाई तर आपले सामान खेळण्यातल्या गाडीवर घालून कचेरीभर ओढीत असे. काही वर्षांतच कंपनी मुकाट्याने टेबलांकडे परतली.

भिंती काढल्या की माणसे एकमेकांशी बोलतील, हाही असाच एक लाडका सिद्धांत. हार्वर्डचे एथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी तो प्रत्यक्ष मोजून पाहिला. भिंती काढण्यापूर्वी आणि नंतर माणसे किती वेळा समोरासमोर बोलतात याची त्यांनी गळ्यातल्या यंत्रांनी नोंद घेतली. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. समोरासमोरचे बोलणे वाढले नव्हते; सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते. शेजारी बसलेली माणसेही कानांत बोंडे घालून एकमेकांना पत्रे पाठवू लागली. मोजणीचा हा उपयोग मला मान्य आहे. साहेबांच्या लाडक्या कल्पनेची परीक्षा घेते ती खरी मोजणी. तिला दाखला लिहून देते ती नव्हे.

शिवाय आजची मोजणी उद्याचे सांगू शकत नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या आपल्याकडच्या बलाढ्य कंपनीने २०२० साली जाहीर केले होते की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी केवळ २५ टक्के माणसे कचेरीत असली तरी पुरेल. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने आपल्या माणसांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. एवढ्या शहाण्या माणसांचा अदमास तीन वर्षांत फिरतो, तर दोन आठवड्यांच्या तक्त्यावरून खुर्च्या विकून टाकणाऱ्याला काय म्हणावे?

मग मोजावे तरी कसे? मला वाटते, चार पथ्ये पुरेत. मोजणी खोलीची करा, माणसाची नको. मजल्यावर किती जण आहेत हे दारातही मोजता येते, त्यासाठी मांडीखाली डबी लागत नाही. सरासरीवर निर्णय करू नका. सर्वांत गर्दीच्या दिवशीच्या सर्वांत गर्दीच्या तासाला काय होते, ते आधी पाहा. रिकामेपणाबरोबर अडचणही मोजा, आणि सुरुवात केबिनपासून करा. शेवटचे पथ्य असे की, जो तक्ता साहेबांच्या टेबलावर जातो तोच कर्मचाऱ्यांच्या सूचनाफलकावर लावा. खुर्ची का रिकामी होती याचे कारण डबीला ठाऊक नसते, पण शेजारच्या खुर्चीला नक्की ठाऊक असते.

हे सांगण्याची आज महाराष्ट्रात विशेष गरज आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि अनेक खाती इकडेतिकडे पांगली. जागेची तंगी तेव्हापासूनची. पुढे नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत राज्य सरकारने १६०१ कोटी रुपयांस घ्यावी, असे ठरले आणि २०२४ साली केंद्रानेही त्याला मंजुरी दिली. असल्या इमारतींत मजले वाटून घेण्यासाठी खाती भांडणार, दालने मोजली जाणार, कोणाला समुद्र दिसतो यावर दर्जा ठरणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. माझे एवढेच म्हणणे आहे की पहिली फूटपट्टी अभ्यागताच्या बाकड्याला लावा. गडचिरोलीहून किंवा सिंधुदुर्गाहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस तेथे किती वेळ उभा राहतो, त्याला बसावयास किती इंच जागा मिळते, त्याच्या म्हाताऱ्या आईला पाणी कोठे मिळते, हे आधी मोजा. ज्या कचेरीत कारकुनाला टेबल नाही तिला अभ्यागतासाठी बाकडे कोठून सुचणार? आणि ज्या कचेरीत अभ्यागताला बाकडे नाही तेथे खुर्च्यांचा वापर शंभर टक्के झाला तरी त्याचे कौतुक कोणी करावे?

डबी लावणाऱ्यांनी खुशाल लावावी. पण तिने रिकामी खुर्ची दाखविली की आरोपी सापडला असे समजून निकाल देऊ नये. आधी साक्षीदार तपासावेत. ती खुर्ची कोणाची वाट पाहत होती, हे ज्याने विचारले नाही त्याला ती हलविण्याचा अधिकार नाही.